बाँडची किंमत सॉफ्टवेअरमध्ये कशी काढायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सरकारी रोख्यांचा हिशेब स्वतः करू पाहणाऱ्यांसाठी आहे. नागरी सहकारी बँकेच्या ट्रेझरीत नव्याने बसलेले, वित्तशास्त्र शिकणारे आणि रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून रोखे घेणारे असे तिन्ही प्रकारचे लोक हेच प्रश्न विचारतात. प्रश्नांची तोंडं वेगळी असली तरी मूळ बहुधा एकच निघतं: गणित बरोबर असतं, पण सॉफ्टवेअरला सांगितलेला बाँड बाजारातल्या बाँडसारखा नसतो. म्हणून इथे सूत्रांपेक्षा व्याख्येवर जास्त भर दिला आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. केंद्र सरकारचा ७.१८% जीएस २०३३ हा रोखा. तो १४ ऑगस्ट २०२३ रोजी निघाला, १४ ऑगस्ट २०३३ ला त्याची मुदत संपते आणि व्याज दर वर्षी १४ फेब्रुवारी व १४ ऑगस्टला मिळतं. सौदा शुक्रवार ३१ ऑक्टोबर २०२५ चा, सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि रोखा यांची प्रत्यक्ष देवाणघेवाण, सोमवार ३ नोव्हेंबर २०२५ ची. यील्ड, म्हणजे रोखा आजच्या भावाने घेऊन मुदतीपर्यंत ठेवला तर मिळणारा वार्षिक परतावा, ६.६०% धरलं आहे. ते गणितापुरतं मानलेलं आहे, त्या दिवशीचा बाजारभाव म्हणून वाचू नये.

बाँड ‘डिफाइन’ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

कोणत्या तारखेला किती रक्कम हातात येणार, हे सॉफ्टवेअरला संदिग्धता न ठेवता सांगायचं. ‘७.१८% जीएस २०३३’ एवढं नाव माणसाला पुरतं, सॉफ्टवेअरला पुरत नाही. त्याला निर्गमाची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, वर्षातून किती वेळा व्याज, दिवस मोजण्याची पद्धत, सौद्यानंतर किती कामकाजाच्या दिवसांनी सेटलमेंट, सुट्टी आली तर तारीख कुठे सरकवायची आणि शेवटी परत मिळणारी रक्कम, हे सगळं लागतं.

भारत सरकारच्या मुदती रोख्यांसाठी उत्तरं ठरलेली आहेत. व्याज सहामाही, दिवसांची मोजणी ३०/३६० युरोपियन (प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० चं), सेटलमेंट टी+१ (सौद्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी), परतफेड १०० ला १००. महाराष्ट्रासह सगळ्या राज्यांच्या विकास कर्जरोख्यांना, म्हणजे एसडीएलना, हाच साचा चालतो.

यील्ड मात्र व्याख्येचा भाग नाही. ते बाजाराचं मत आहे आणि रोज बदलतं. व्याख्या एकदा करायची, तपासायची आणि मग तिला हात लावायचा नाही. ज्यांच्या फाइलमध्ये या दोन गोष्टी एकाच रकान्यांच्या गर्दीत बसवलेल्या असतात, त्यांना चूक शोधायला फार वेळ लागतो.

एक्सेलमध्ये किंमत काढताना काय भरायचं आणि उत्तर किती यायला हवं?

एक्सेल आणि लिबरऑफिस कॅल्क, दोन्हींत ‘प्राइस’ नावाचं फंक्शन आहे. त्यात क्रमाने भरायचं: सेटलमेंट तारीख, मुदतपूर्तीची तारीख, कूपन दर (रोख्याचा ठरलेला व्याजदर), यील्ड, परतफेड, वर्षातली हप्त्यांची संख्या आणि शेवटी बेसिस, म्हणजे दिवस मोजण्याची पद्धत सांगणारा आकडा. आपल्या रोख्यासाठी ३ नोव्हेंबर २०२५, १४ ऑगस्ट २०३३, ७.१८%, ६.६०%, १००, २ आणि ४. उत्तर १०३.४७१२ यायला हवं.

हे एकदा तरी हाताने ताडून पाहा. मागचं कूपन १४ ऑगस्टला झालं. तिथून ३ नोव्हेंबरपर्यंत ३०/३६० पद्धतीने ७९ दिवस होतात, म्हणजे १८० दिवसांच्या सहामाहीतले १०१ उरले. पुढचा हप्ता १०१ भागिले १८०, म्हणजे ०.५६११ सहामाही दूर आहे. एकूण १६ हप्ते बाकी आहेत, प्रत्येकी ३.५९ रुपये, आणि शेवटच्या हप्त्याबरोबर १०० रुपये मुद्दल. सहामाही यील्ड ३.३०%.

आधी सगळं १४ फेब्रुवारी २०२६ या तारखेला आणून ठेवा. त्या दिवशीचा हप्ता ३.५९, पुढच्या पंधरा हप्त्यांचं त्या दिवशीचं मूल्य ४१.९४१८, मुद्दलाचं ६१.४४६२. बेरीज १०६.९७८१. ही बेरीज ०.५६११ सहामाही मागे आणली, म्हणजे १.०३३ च्या ०.५६११ व्या घाताने भागली, की १०५.०४६८ मिळतात. ही डर्टी प्राइस. त्यातून ७९ दिवसांचं साचलेलं व्याज, १.५७५६ रुपये, वजा केलं की १०३.४७१२ ही क्लीन प्राइस.

हे चार आकडे कागदावर लिहून समोर ठेवावेत. पुढे कोणतंही सॉफ्टवेअर वापरलं तरी कुठे घसरलो ते यांच्यावरून कळतं.

स्क्रीनवर भाव १०३.४७ होता, खात्यातून मात्र १०५.०५ च्या हिशेबाने पैसे गेले. हे काय?

बाजारात भाव क्लीन बोलला जातो, पैसे डर्टी दिले जातात. १४ ऑगस्टपासून ३ नोव्हेंबरपर्यंत रोखा विकणाऱ्याकडे होता, त्या दिवसांचं व्याज त्याचं. फेब्रुवारीत मात्र पूर्ण सहामाहीचे ३.५९ तुमच्या खात्यात येणार. म्हणून त्याचा वाटा तुम्ही आत्ताच देता. १०,००० रुपये दर्शनी मूल्याच्या खरेदीत ही रक्कम १०,५०४ रुपये ६८ पैसे होते. यात कमिशन किंवा छुपा आकार काही नाही.

बँकेत काम करणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट सांभाळायची. खरेदीच्या वेळी दिलेलं हे व्याज, ज्याला ब्रोकन पीरियड इंटरेस्ट म्हणतात, रोख्याच्या खरेदी किमतीत मिळवायचं नसतं. ते नफातोटा खात्यात जातं. मूल्यांकनही क्लीन किमतीवर होतं. सॉफ्टवेअरमधून चुकून डर्टी आकडा उचलला तर तेच व्याज पुस्तकात दोनदा धरलं जातं.

बेसिस चुकला तर असा किती फरक पडतो?

आपल्याच रोख्यावर मोजू. १४ ऑगस्ट ते ३ नोव्हेंबर कॅलेंडरप्रमाणे ८१ दिवस, ३०/३६० प्रमाणे ७९. बरोबर पद्धतीने साचलेलं व्याज १.५७५६. कुणी ॲक्च्युअल/३६५ (कॅलेंडरचे खरे दिवस, ३६५ चं वर्ष) लावलं तर १.५९३४. फरक शंभराला पावणेदोन पैशांच्या आसपास, म्हणून नजरेत भरत नाही. एनडीएस-ओएम या रिझर्व्ह बँकेच्या रोखे-व्यवहाराच्या इलेक्ट्रॉनिक मंचावरचा नेहमीचा सौदा मात्र ५ कोटींचा असतो. त्यावर हा फरक ८,८७९ रुपये होतो. समोरच्या बँकेचा आकडा जुळत नाही आणि सेटलमेंटच्या सकाळी धावपळ होते.

मी बेसिस रिकामाच ठेवतो आणि उत्तर बरोबर येतं. मग ४ कशाला लिहायचा?

कारण ते बहुतेक दिवशीच बरोबर येतं. बेसिस रिकामा ठेवला की एक्सेल ० धरतं, म्हणजे अमेरिकन ३०/३६०. आपल्याला हवा तो युरोपियन, म्हणजे ४. दोन्हींतला फरक महिन्याच्या ३१ तारखेला दिसतो.

समजा सेटलमेंट ३ नोव्हेंबरऐवजी ३१ ऑक्टोबरलाच होती. युरोपियन पद्धत ३१ ला सरळ ३० करते आणि १४ ऑगस्टपासून ७६ दिवस मोजते. अमेरिकन पद्धत, सुरुवातीची तारीख ३० किंवा ३१ नसेल तर, शेवटची ३१ तशीच ठेवते आणि ७७ दिवस मोजते. एका दिवसाचं व्याज ५ कोटींवर ९,९७२ रुपये. वर्षातून मोजके दिवस उगवणारी ही चूक असल्यामुळे ती वर्षानुवर्षं फाइलमध्ये टिकून राहते. ४ लिहाच.

तारीख ३/११/२०२५ लिहिली तर भलतंच उत्तर आलं.

संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल तर ती ११ मार्च २०२५ झाली. तारीख कधीही मजकूर म्हणून लिहू नका. एक्सेलच्या ‘डेट’ फंक्शनमध्ये वर्ष, महिना, दिवस असं द्या. क्वांटलिब या लायब्ररीत (तिच्याबद्दल पुढच्याच प्रश्नात) क्रम उलटा आहे: दिवस, महिना, वर्ष.

क्वांटलिबमध्ये हाच रोखा कसा उभा करायचा?

क्वांटलिब ही २००० साली सुरू झालेली मुक्त स्रोत लायब्ररी. मूळ सी++ मध्ये, पण बहुतेक लोक पायथनमधून वापरतात. एक्सेलपेक्षा ती जास्त विचारते, म्हणून सुरुवातीला जड वाटते. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी तोच तिचा मोठा गुण आहे, कारण एक्सेल जे गृहीत धरतं ते इथे उघडपणे सांगावं लागतं.

सगळ्यात आधी सेटिंग्जमधली इव्हॅल्युएशन डेट ठरवायची: ३१ ऑक्टोबर २०२५. ही दिली नाही तर संगणकाची आजची तारीख धरली जाते. काल बरोबर आलेली किंमत आज काहीही न बदलता बदलली, अशी तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा इथेच पाहावं लागतं.

मग शेड्यूल, म्हणजे हप्त्यांच्या तारखांची माळ. सुरुवात १४ ऑगस्ट २०२३, शेवट १४ ऑगस्ट २०३३, अंतर सहा महिने, तारखा बनवण्याची दिशा बॅकवर्ड (मुदतपूर्तीपासून मागे), आणि तारखा न सरकवणारा ‘अनॲडजस्टेड’ नियम.

त्यानंतर फिक्स्डरेटबाँड. सेटलमेंटचे दिवस १, दर्शनी रक्कम १००, वर बनवलेलं शेड्यूल, कूपनची यादी आणि थर्टी३६० युरोपियन. नव्या आवृत्त्यांत थर्टी३६० चा कोणता प्रकार हवा ते सांगावंच लागतं, ते चांगलंच झालं. कूपन यादीच्या रूपात द्यायचं आणि ०.०७१८ असं. ७.१८ लिहिलं तर सॉफ्टवेअर ते ७१८ टक्के समजेल आणि एका शब्दाने अडवणार नाही.

आता क्लीनप्राइस हे फंक्शन ६.६०% यील्ड, थर्टी३६० युरोपियन, कंपाउंडेड आणि सेमीॲन्युअल देऊन चालवा. डर्टीप्राइस आणि ॲक्रूडअमाउंट हेही बघा. एक बारकावा लक्षात असू द्या: दर्शनी रक्कम ५ कोटी दिली तरी ही तिन्ही उत्तरं शंभराच्या हिशेबानेच येतात. एनपीव्ही, म्हणजे पुढच्या सगळ्या रकमांचं आजचं मूल्य, मात्र पूर्ण रकमेवर येतो.

रोखा मी नोव्हेंबरमध्ये घेतला. मग शेड्यूलची सुरुवात माझ्या खरेदीच्या तारखेपासून का नाही?

ही चूक मला सगळ्यांत धोकादायक वाटते, कारण तिचं उत्तर जवळपास बरोबर दिसतं.

शेड्यूल ३ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू केलं तर सॉफ्टवेअर समजतं की रोखा त्याच दिवशी जन्मला. मग फेब्रुवारीचा पहिला हप्ता ३.५९ नसून फक्त १०१ दिवसांचा, २.०१४४ होतो. साचलेलं व्याज शून्य. किंमत येते १०३.४९९६. खरी क्लीन प्राइस १०३.४७१२. फरक तीन पैशांहूनही कमी, म्हणून ‘राउंडिंग असेल’ म्हणत माणूस पुढे जातो. पण प्रत्यक्ष द्यायची रक्कम डर्टी, १०५.०४६८ आहे. ५ कोटींच्या सौद्यात तुमचं सॉफ्टवेअर सुमारे ७ लाख ७४ हजार रुपये कमी दाखवत असतं.

शेड्यूल रोख्याचं असतं, तुमच्या मालकीचं नसतं. तुम्ही कधी घेतला ते सेटलमेंट तारखेतून येतं. फक्त क्लीन किंमत जुळली म्हणून समाधान मानू नका, साचलेलं व्याज वेगळं छापून बघा.

एनपीव्ही १०४.९९ आणि डर्टी प्राइस १०५.०५. दोन्ही आजचं मूल्यच ना?

दोन वेगवेगळ्या दिवसांचं. क्वांटलिबमध्ये एनपीव्ही काढायला बाँडला प्राइसिंग इंजिन जोडावं लागतं, आणि तो आकडा यील्ड कर्व्हच्या, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींच्या दरांच्या रेषेच्या, संदर्भ दिनांकाला आणलेला असतो. आपल्या उदाहरणात तो ३१ ऑक्टोबर. डर्टी प्राइस सेटलमेंटच्या दिवसाची, म्हणजे ३ नोव्हेंबरची. मधल्या तीन दिवसांचं व्याज शंभराला पावणेसहा पैशांच्या आसपास होतं आणि फरक तेवढाच आहे. शुक्रवारच्या सौद्यात तो असा ठळक दिसतो, मंगळवारच्या सौद्यात एकाच दिवसाचा राहतो.

समोरच्याशी व्यवहार जुळवताना डर्टी प्राइस वापरा. एनपीव्ही संपूर्ण पोर्टफोलिओचं एका दिवसाचं मूल्य काढायला.

एक्सेल आणि क्वांटलिब दशांशात जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोन्ही बरोबर असतात, पैसे मिळण्याची तारीख वेगळी धरलेली असते. १४ फेब्रुवारी २०२६ शनिवार आहे. एक्सेल त्याकडे पाहतच नाही. क्वांटलिबच्या फिक्स्डरेटबाँडमध्ये पेमेंट कन्व्हेन्शन तुम्ही दिलं नाही तर ‘फॉलोइंग’, म्हणजे पुढचा कामकाजाचा दिवस, धरलं जातं, म्हणून हप्ता सोमवारी १६ फेब्रुवारीला जातो आणि तेवढा जास्त डिस्काउंट होतो. पुढे १४ फेब्रुवारी २०२७ रविवार, १४ ऑगस्ट २०२७ पुन्हा शनिवार. असे थेंब साचून फरक दिसू लागतो.

बाजारात यील्डवरून भाव काढताना छापील तारखाच धरतात. त्यामुळे एक्सेलशी आणि बाजाराशी जुळवायचं असेल तर पेमेंट कन्व्हेन्शनही अनॲडजस्टेड ठेवा.

आणखी एका ठिकाणी दोघांची फारकत होते: शेवटचा एकच हप्ता उरला असेल तेव्हा. एक्सेल त्या काळात सरळव्याज लावतं. क्वांटलिबला कंपाउंडेड सांगितलं असेल तर ते चक्रवाढच लावत राहतं.

मग मुदतपूर्ती रविवारी आली तर?

आपल्या रोख्याची तशीच आहे. १४ ऑगस्ट २०३३ रविवार आहे. केंद्र सरकारच्या रोख्यांचा नियम दुहेरी आहे: मधला हप्ता सुट्टीच्या दिवशी आला तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतो, रकमेत काही वाढ न होता. मुद्दलाची परतफेड मात्र आधीच्या कामकाजाच्या दिवशी होते. १३ ऑगस्ट दुसरा शनिवार, म्हणून मध्ये आणखी सुट्टी नसेल तर पैसे शुक्रवार १२ ऑगस्टला.

‘फॉलोइंग’ ठेवलेलं सॉफ्टवेअर काय करतं पाहा. रविवारवरून सोमवारी जातं. सोमवार १५ ऑगस्ट, स्वातंत्र्यदिन. म्हणून मंगळवार १६. खऱ्या तारखेपेक्षा चार दिवस उशिरा. आजच्या किमतीत याने शंभराला साडेचार पैसे, ५ कोटींना सुमारे साडेबावीस हजारांचा फरक पडतो.

भाव काढायला छापील तारीखच ठेवायची असल्याने भावात हा प्रश्न येत नाही. पण बँकेच्या रोकड प्रवाहाचं, म्हणजे कोणत्या दिवशी किती पैसे येणार याचं वेळापत्रक त्याच ऑब्जेक्टवरून काढत असाल तर शेवटची ओळ हाताने दुरुस्त करावी लागते. हप्त्यांना एक नियम आणि मुद्दलाला दुसरा, असं एका पर्यायात सांगता येत नाही.

भारताचं कॅलेंडर दिलं, तरी सेटलमेंटची तारीख चुकते.

क्वांटलिबमधलं भारताचं कॅलेंडर एनएसईच्या सुट्ट्यांवर बेतलेलं आहे. रोखेबाजार मात्र मुंबईतल्या बँकांच्या सुट्ट्या पाळतो, आणि त्या महाराष्ट्राच्या सुट्ट्या असतात. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, शेअर बाजार चालू असतो आणि रोख्यांचं सेटलमेंट बंद. गुढीपाडव्यालाही तसंच. १ एप्रिलला बँकांच्या वार्षिक हिशेबामुळे सेटलमेंट होत नाही.

मंगळवार १८ फेब्रुवारी २०२५ चा सौदा घ्या. एनएसईच्या कॅलेंडरने सेटलमेंट बुधवारी १९ ला येईल. प्रत्यक्षात ती गुरुवारी २० ला. एका दिवसाचं साचलेलं व्याज तिथेच चुकलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही सुट्टी वेगळी सांगावी लागत नाही, पण सॉफ्टवेअर दुसरीकडे लिहिलेलं आहे. दर वर्षी रिझर्व्ह बँकेची मुंबईची सुट्ट्यांची यादी आली की कॅलेंडरमध्ये ‘ॲडहॉलिडे’ वापरून त्या तारखा घालाव्यात, आणि ते काम एका माणसाकडे नेमून द्यावं.

६.६०% म्हणजे ६.६०%. त्यात चक्रवाढीचा प्रश्न कुठे आला?

सरकारी रोख्याचं यील्ड सहामाही चक्रवाढीने बोललं जातं. सहामाही ६.६०% म्हणजे वार्षिक ६.७१% आणि सतत चक्रवाढीने ६.४९%. हे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. पण ६.६०% वार्षिक म्हणून भरलं तर किंमत सुमारे ६५ पैशांनी जास्त येते, ५ कोटींना सव्वातीन लाख. क्वांटलिबमध्ये फ्लॅटफॉरवर्ड, म्हणजे सगळ्या मुदतींना एकच दर असलेला, कर्व्ह बनवताना चक्रवाढीची पद्धत सांगितली नाही तर ती सतत धरली जाते, आणि किंमत उलट्या दिशेने सुमारे ६७ पैशांनी घसरते. किंमत साठ-सत्तर पैशांनी हुकली की आधी इथे बघावं.

यील्डवरून किंमत काढावी की कर्व्हवरून?

कशासाठी काढताय त्यावर आहे. यील्ड म्हणजे सगळ्या सोळा हप्त्यांना लावलेला एकच दर. सौदा बोलायला, दोन रोख्यांची तुलना करायला तो पुरतो. कर्व्हमध्ये प्रत्येक हप्त्याला त्याच्या मुदतीचा दर लागतो: फेब्रुवारी २०२६ च्या ३.५९ ला साडेतीन महिन्यांचा, २०३३ च्या १०३.५९ ला पावणेआठ वर्षांचा. न चाललेल्या रोख्याचा भाव अंदाजायचा असेल, किंवा अल्प मुदतीचे दर घसरले आणि दीर्घ मुदतीचे तिथेच राहिले तर काय होईल हे पाहायचं असेल, तर कर्व्हच हवा.

कर्व्हसाठी एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था रोज सरकारी रोख्यांचे भाव आणि झिरो कूपन कर्व्ह जाहीर करते. ३१ मार्च २०१८ पासून हे काम फिम्डा या रोखेबाजारातल्या संस्थांच्या संघटनेकडून एफबीआयएलकडे आलं. ते दर भरताना ते झिरो (मध्ये हप्ते नसलेल्या एकाच रकमेचे) आहेत की पार (१०० ला विकल्या जाणाऱ्या, हप्ते देणाऱ्या रोख्याचे), आणि चक्रवाढ कोणती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पार यील्ड झिरो समजून भरणं ही नेहमीची चूक आहे, आणि कर्व्ह जितका चढा तितकी ती महाग पडते.

कर्व्ह बदलून बदलून पाहायचा असेल तर क्वांटलिबमध्ये रिलिंकेबल हँडल वापरा. बाँड पुन्हा बनवावा लागत नाही, नवा कर्व्ह जोडला की किंमत आपोआप बदलते.

किंमत माहीत आहे, यील्ड हवंय.

एक्सेलचं ‘यील्ड’, क्वांटलिबचं ‘बाँडयील्ड’. दोन्हीकडे क्लीन किंमत द्यायची. १०३.४७१२ दिल्यावर ६.६०% परत आलं पाहिजे. हीच व्याख्येची सोपी परीक्षा. चुकून १०५.०४६८ दिलीत तर यील्ड सुमारे पाव टक्क्याने कमी येईल, आणि तो आकडा इतका पटण्याजोगा दिसतो की कुणाला शंका येत नाही.

ट्रेझरी बिलासाठी हेच वापरता येईल का?

नको. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांना हप्ते नाहीत आणि मोजणी ॲक्च्युअल/३६५ ची, सरळव्याजाने. ९१ दिवसांचं बिल ५.५०% ला: १०० भागिले १.०१३७१२, म्हणजे ९८.६४७३. याला एक ओळ पुरते.

दर एक बेसिस पॉइंट, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, हलला तर किती फरक पडेल, हे कसं काढायचं?

यील्ड ६.६०% ऐवजी ६.६१% भरा आणि दोन किमतींची वजाबाकी करा. आपल्या रोख्यात शंभराला ६.१४ पैसे येतात, ५ कोटींवर सुमारे ३०,७०० रुपये. हाच पीव्ही०१. मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे यील्ड एक टक्का हललं तर किंमत साधारण किती टक्के हलते तो आकडा, ५.८५ येतं. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘एमड्युरेशन’ आहे. त्याने दिलेलं ड्युरेशन डर्टी किमतीने गुणायचं, क्लीनने नाही. लहान ट्रेझरीत रोज संध्याकाळी निदान हा एक आकडा वरिष्ठांपुढे जायला हवा असं मला मनापासून वाटतं. किंमत काय आहे ते सगळे विचारतात, किती हलू शकते ते फार थोडे.

कंपन्यांचे बाँड, फ्लोटिंग रेट, कॉल ऑप्शनवाले?

साचा बदलतो. कंपनीच्या बाँडमध्ये व्याज बहुधा वार्षिक आणि मोजणी ॲक्च्युअल/ॲक्च्युअल असते. तरी माहितीपत्रक उघडूनच भरा, कारण अपवाद बरेच आहेत. दर्शनी मूल्यही १० लाख, १ लाख किंवा १०,००० असू शकतं. फ्लोटिंग रेट बाँडला पुढच्या हप्त्यांचे दर कर्व्हवरून काढावे लागतात. कॉल ऑप्शन, म्हणजे बाँड मुदतीआधी फेडून टाकण्याचा काढणाऱ्याचा हक्क, असलेल्या बाँडला साध्या यील्डची किंमत लावणं म्हणजे तो पर्याय फुकट आहे असं मानणं. तिथे दरांचं मॉडेल लागतं आणि तो स्वतंत्र विषय आहे. सुवर्ण रोख्यांना हा साचा लागू नाही, त्यांचं मूल्य सोन्याच्या भावावर चालतं.

सगळं बरोबर भरलं, तरी जाहीर झालेल्या भावाशी जुळत नाही.

आधी भाव जाहीर करणाऱ्यांचं यील्ड उचला आणि तुमच्या व्याख्येत घाला. सेटलमेंट एकदा त्याच दिवसाची, एकदा टी+१ ची ठेवून दोन किमती काढा. यातली एक चार दशांशांपर्यंत जुळली तर तुमची व्याख्या पक्की आहे, आणि त्यांनी कोणता दिवस धरला तेही कळलं. मग उरलेला फरक बाजाराच्या मताचा आहे: तुमचं यील्ड वेगळं, त्यांचं वेगळं.

दोन्ही जुळल्या नाहीत तर यील्डला हात न लावता साचलेलं व्याज छापा. ते चुकलं असेल तर दोष तारखांत किंवा बेसिसमध्ये आहे. ते बरोबर असून किंमत चुकली असेल तर चक्रवाढ आणि पेमेंट कन्व्हेन्शन तपासा. किंमत जुळेपर्यंत यील्ड पुढेमागे ढकलत बसू नका. तशी जुळवलेली फाइल दुसऱ्या दिवशी पुन्हा हुकते, आणि तोवर आदल्या दिवशी काय बदललं होतं ते कुणाला आठवत नसतं.